जुन्या गेमसाठी जुना कॉम्प्युटर: छोट्या कॅबिनेटमध्ये मावणारं ग्राफिक्स कार्ड कसं निवडायचं

कार्ड छोटं होतं, स्लॉटही बरोबर होता, पण कॅबिनेटचं झाकण काही लागेना. कार्डाच्या मागची लोखंडी पट्टी कॅबिनेटच्या कडेच्या चार सेंटीमीटर वर आलेली. नागपूरच्या बर्डी बाजारातून भर उन्हात आणलेलं ते कार्ड हातात धरून मी तसाच बसून राहिलो. हा माझा पहिला प्रयत्न. त्यानंतर स्वतःसाठी, भाच्यासाठी आणि दोन मित्रांसाठी मिळून अशी चार मशीनं लावून झाली आहेत. दर वेळी काहीतरी नवीन अडलं. ते सगळं एका जागी लिहून ठेवतो, म्हणजे तुमच्या फेऱ्या वाचतील.

हा लेख कोणासाठी आहे ते आधी सांगतो. कंपन्या आणि ऑफिसं जुने कॉम्प्युटर बदलतात तेव्हा ब्रँडेड छोटे डबे लॉटने बाजारात येतात. कोअर टू ड्युओ किंवा सेकंड जनरेशन आय-३, आय-५ प्रोसेसर असलेले, पुस्तकांच्या कपाटातही मावतील असे. जुन्या गेमसाठी यांच्यासारखं स्वस्त आणि टिकाऊ मशीन नाही. उणीव एकच: आतलं ग्राफिक्स ऑफिसच्या कामापुरतं असतं, आणि बाजारात सहज मिळणारं कार्ड त्या डब्यात मावत नाही.

दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "किती जीबीचं पाहिजे भाऊ?" या प्रश्नाला उत्तर देऊ नका. कार्ड सगळ्यात शेवटी निवडायचं असतं. गेम, विंडोज, स्लॉट, उंची, वॅट आणि मॉनिटर या सहा गोष्टी आधी ठरल्या, की बाजारातली नव्वद टक्के कार्डं आपोआप बाद होतात आणि हातात दोन-तीन नावं उरतात.

जवळ काय काय हवं

- चार-धारी स्क्रू ड्रायव्हर, आणि पाच मिलिमीटरचा छोटा नट ड्रायव्हर
- स्टीलची ३० सेंटीमीटरची पट्टी (कापडी टेप नको, ती वाकते)
- मोबाइलमध्ये तीन फोटो: उघडा कॅबिनेट, पॉवर सप्लायचं लेबल, मॉनिटरच्या मागची पिन
- मशीनचं मॉडेल आणि त्याचं मॅन्युअल. कंपन्यांच्या साइटवर जुनी मॅन्युअलं अजून मिळतात
- ड्रायव्हर (विंडोजला कार्ड ओळखून चालवता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम) उतरवायला दुसरा, चालू असलेला कॉम्प्युटर आणि ८ जीबीचा पेन ड्राइव्ह
- मऊ ब्रश, थर्मल पेस्टची छोटी ट्यूब, आयसोप्रोपिल अल्कोहोल

१. गेमची यादी करा, मग विंडोज ठरवा

कागदावर दहा गेम लिहा. खरंच खेळायचे असलेलेच लिहा. आमच्या पिढीची यादी बहुतेक अशी निघते: एज ऑफ एम्पायर्स २ (१९९९), आयजीआय (२०००), व्हाइस सिटी (२००३), सॅन अँड्रियास आणि मोस्ट वाँटेड (दोन्ही २००५), आणि अर्थातच क्रिकेट ०७. यादी अशी असेल तर तुम्हाला विंडोज एक्सपी पाहिजे, बाकी विचार करायची गरज नाही. विंडोज ७ वर यातले बरेच गेम चालतात, पण खोड्या करतात. एज ऑफ एम्पायर्स २ चे रंग बिघडून पाणी लाल-जांभळं दिसणं ही त्यातली सगळ्यांना भेटलेली खोडी.

विंडोज कोणतं, यावर कार्डाची वरची मर्यादा ठरते, कारण कार्डाला त्या विंडोजचा ड्रायव्हर मिळाला पाहिजे. हे आकडे लिहून ठेवा:

एक्सपीसाठी एनव्हिडियाचा शेवटचा ड्रायव्हर ३६८.८१, तो २०१६ मध्ये आला. त्यात जीटी ७१०, जीटी ७३०, जीटीएक्स ७५० आणि ७५० टीआय येतात. जीटी १०३० आणि त्यानंतरचं काहीही येत नाही. एएमडीचा एक्सपीसाठीचा शेवटचा ड्रायव्हर कॅटलिस्ट १४.४, म्हणजे २०१४ चा. त्यात रॅडिऑन एचडी ५००० ते ७००० मालिका चालतात.

विंडोज ९८ साठी एनव्हिडियाचा शेवटचा ड्रायव्हर ८१.९८ आणि तो जीफोर्स ६ मालिकेपर्यंतच. एटीआयचा (ही कंपनी पुढे एएमडीत गेली) कॅटलिस्ट ६.२. यादीत १९९५ ते १९९८ चे, एक्सपीवर हट्टाने न चालणारे गेम असतील तरच ९८ च्या वाटेला जा. तो वेगळा छंद आहे आणि त्याला मशीनही वेगळं लागतं.

एक्सपीची सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबली. म्हणून या मशीनवर बँकेचं, मेलचं काही करू नका. मी तर इंटरनेटची वायरच लावत नाही.

२. झाकण उघडून स्लॉट पाहा

मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग झाकण उघडा.

२००४ नंतरच्या बोर्डावर साधारण नऊ सेंटीमीटर लांबीचा, टोकाला छोटी कळ असलेला स्लॉट दिसेल. तो पीसीआय एक्सप्रेस, सोळा लेनचा (लेन म्हणजे डेटा जायची वाट). यात पुढच्या पिढीचं कार्डही चालतं, कार्डावर ३.० लिहिलंय आणि बोर्ड १.१ चा आहे म्हणून घाबरू नका, वेग थोडा कमी मिळतो एवढंच. मात्र काही डब्यांत असे दोन लांब स्लॉट असतात आणि त्यातला एक आतून फक्त चार लेनचा असतो. कोणता ते मॅन्युअलमध्ये पाहा, बहुतेक वेळा रंगही वेगळा असतो.

स्लॉट तपकिरी, थोडा आखूड आणि मागच्या भिंतीपासून जरा आत सरकलेला असेल तर तो एजीपी, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या आधीचा जुना स्लॉट. इथे सांभाळून. एजीपी कार्डाच्या खालच्या धारेला खाच असते: मागच्या पट्टीच्या जवळची खाच म्हणजे ३.३ व्होल्ट, लांबची म्हणजे १.५ व्होल्ट. पण काही जुन्या कार्डांना दोन्ही खाचा असूनही ती चालतात फक्त ३.३ वर. असलं कार्ड १.५ व्होल्टच्या बोर्डात घातलं तर बोर्ड जळू शकतो. एजीपीत जुनं, अनोळखी कार्ड घालण्याआधी त्याचं नाव शोधून व्होल्टेज पाहिल्याशिवाय बटण दाबू नका.

३. पट्टी घेऊन मोजा

मी जिथे फसलो ती ही पायरी. कार्डाच्या उंचीत दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मला माहीतच नव्हतं. एक हिरवी किंवा काळी पाटी, जिच्यावर चिप असते. दुसरी मागची लोखंडी पट्टी, जिला पोर्ट असतात आणि जी स्क्रूने कॅबिनेटला लागते.

मोठ्या कॅबिनेटची पट्टी १२ सेंटीमीटरची असते. छोट्या डब्याची जेमतेम ८ सेंटीमीटरची. पाटीची उंची सात सेंटीमीटरच्या आत असेल तर ते कार्ड 'लो प्रोफाइल'. पण लो प्रोफाइल पाटीवर मोठी पट्टी लावूनही विकतात, आणि सेकंड हँड बाजारात छोटी पट्टी हरवलेली असते. माझं क्वाड्रो ६०० तसंच होतं: पाटी अगदी मापात, पट्टी मोठी.

तेव्हा उपाय काय केला ते सांगतो. पोर्टच्या दोन्ही बाजूंचे षटकोनी नट नट ड्रायव्हरने काढले, पट्टीचा एक बारीक स्क्रू काढला, आणि पट्टी सुटली. मग दुरुस्तीच्या एका दुकानात बंद पडलेल्या कार्डांच्या खोक्यात हात घालून तशाच पोर्टची छोटी पट्टी शोधली. 'तशाच पोर्टची' हे महत्त्वाचं: माझ्या कार्डाला मॉनिटरच्या वायरीसाठी एक डीव्हीआय आणि एक डिस्प्ले पोर्ट, दोन्ही त्याच जागी असलेली पट्टी लागली. अर्धा तास गेला, पण सापडली. पट्टीशिवाय कार्ड नुसतं खोचून वापरणारे लोक आहेत. ते करू नका. मॉनिटरची जाड वायर कार्डाला हळूहळू तिरकं ओढते, आणि चालू मशीनमध्ये कार्ड तिरकं झालं तर नुकसान कार्डावर थांबत नाही.

आता बाकीची मापं. लांबी: मागच्या भिंतीपासून समोर पहिला अडथळा येईपर्यंत. हार्ड डिस्कची पेटी, तिच्या वायरीचा वाकलेला भाग, मेमरीच्या कळा, सगळं धरा. लो प्रोफाइल कार्ड साधारण १७ सेंटीमीटरपर्यंत लांब असू शकतं. जाडी: एका स्लॉटला दोन सेंटीमीटर. पंखा मोठा असलेली कार्डं दोन स्लॉट खातात, आणि काही ब्रँडेड डब्यांत लांब स्लॉट पॉवर सप्लायला इतका चिकटून असतो की दुसऱ्या स्लॉटची जागाच नसते. स्लॉटच्या दोन्ही बाजूंना बोट घालून पाहा.

आणखी एक छुपी गोष्ट: बऱ्याच लो प्रोफाइल कार्डांत व्हीजीए (जुन्या मॉनिटरचा) पोर्ट मुख्य पट्टीवर मावत नाही. तो चपट्या वायरीने जोडलेल्या वेगळ्या पट्टीवर येतो आणि शेजारच्या स्लॉटची खिडकी अडवतो. तिथे साउंड कार्ड लावायचं ठरवलं असेल तर आधीच विचार करा.

४. वॅटचा हिशेब

पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. काही छोट्या डब्यांच्या मॅन्युअलमध्ये याहून कमी मर्यादा दिलेली असते, ती पाळा. ज्या कार्डाला वरून वेगळी पॉवर वायर लागते ते कार्ड या डब्यांसाठी बादच. हार्ड डिस्कच्या वायरीतून जोड काढून चालवण्याचे सल्ले मिळतील. ती वायर त्या कामासाठी नाही.

पॉवर सप्लायच्या लेबलवर १२ व्होल्टचा आकडा शोधा. समजा तिथे १६ अँपिअर आहे. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. कोअर टू ड्युओ ई८४०० चे ६५, बोर्ड-मेमरी-पंख्याचे धरा ४०, डिस्कचे १०. झाले ११५. चाळीस वॅटचं कार्ड लावलं तर १५५. जुन्या पॉवर सप्लायला एवढी मोकळीक हवीच. १२ व्होल्टच्या दोन वेगळ्या ओळी दिल्या असतील तर त्यांची सरळ बेरीज करू नका, लेबलच्या खालच्या भागात एकत्रित कमाल आकडा असतो तो धरा.

५. मॉनिटरची पिन

जुन्या गेमला जुना चौकोनी मॉनिटर शोभतो. ऑफिसच्या लॉटमध्ये १७ इंची, १२८० बाय १०२४ चे मिळतात. त्यात एक फायदा लपलेला आहे: त्यावर सुमारे १३ लाख ठिपके रंगवायचे असतात, तर आजच्या १९२० बाय १०८० वर जवळपास २१ लाख. म्हणजे चौकोनी मॉनिटरवर कमी ताकदीचं कार्डही आरामात चालतं.

हे मॉनिटर बहुधा व्हीजीएचे. कार्डाला व्हीजीए पोर्ट असेल तर प्रश्न मिटला. डीव्हीआय असेल तर त्याच्या एका टोकाला आडव्या चपट्या पिनेच्या भोवती चार बारीक छिद्रं आहेत का पाहा. असली तर तो डीव्हीआय-आय, साधा स्वस्त अडॅप्टर लावून व्हीजीए मिळतो. नसली तर डीव्हीआय-डी, त्यातून साध्या अडॅप्टरने व्हीजीए कधीच निघणार नाही. जीटी १०३० च्या पिढीपासून एनव्हिडियाने हा जुना सिग्नलच काढून टाकला.

ऑफिसच्या लॉटमध्ये एनव्हीएस नावाची छोटी कार्डं ढिगाने येतात. त्यातल्या अनेकांना एकच रुंद, दाट पिनांचा पोर्ट असतो आणि त्याला दोन शेपट्यांची खास वायर लागते. ती वायर सोबत मिळत असेल तरच हात लावा. वेगळी शोधायला गेलात तर दमछाक होते. शिवाय ही कार्डं गेमसाठी बनलेलीच नाहीत.

६. आता कार्डांची नावं

विंडोज ९८ आणि एजीपी असेल तर मी डोळे मिटून जीफोर्स एफएक्स ५२०० सांगतो. २००३ चं कार्ड, लो प्रोफाइलमध्ये बरंच आलं, वीज कमी खातं. त्या काळात या कार्डाला हळू म्हणून नावं ठेवली गेली, आणि डायरेक्टएक्स ९ च्या गेममध्ये ते खरंच हळू आहे. पण १९९७ ते २००१ च्या गेमसाठी त्याची किंमत वेगळी आहे: त्या गेममधलं धुकं आणि आठ बिटच्या रंगपेटीचे टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) ते नीट दाखवतं, जे जीफोर्स ६ पासून पुढे नीट जमत नाही. घेताना १२८ बिटचं घ्या, ६४ बिटचं टाळा (हा आकडा म्हणजे चिप आणि मेमरीमधल्या रस्त्याची रुंदी).

एक्सपी आणि पीसीआय एक्सप्रेससाठी, खालून वर असं पाहा.

रॅडिऑन एचडी ५४५० किंवा जीटी ७१०: दोन्ही १९ वॅटची, बिनपंख्याचीही मिळतात. २००४ पर्यंतच्या गेमना पुरतात. व्हाइस सिटी आणि आयजीआय एवढंच खेळायचं असेल तर इथेच थांबा, पैसे वाचवा.

क्वाड्रो ६००: डिझाइनच्या ऑफिसांतून निघतं, ४० वॅट, १२८ बिटची मेमरी. खोक्यावर गेमचं नाव नसल्याने लोक त्याकडे पाहत नाहीत आणि म्हणून स्वस्त मिळतं. माझ्या मशीनमध्ये आजही हेच आहे, त्यावर मोस्ट वाँटेड चौकोनी मॉनिटरवर छान पळतो.

जीटी ७३०: सगळ्यात जास्त विकलं जाणारं आणि सगळ्यात जास्त फसवणारं. कारण एकाच नावाने तीन वेगळी कार्डं विकली गेली. एक जुन्या चिपचं, ९६ कोअरचं (कोअर म्हणजे चिपमधली हिशेब करणारी छोटी एककं), १२८ बिट डीडीआर३, ४९ वॅट. दुसरं ३८४ कोअरचं पण ६४ बिट डीडीआर३. तिसरं ३८४ कोअरचं, ६४ बिट, पण जीडीडीआर५, फक्त २५ वॅट. घ्यायचं ते तिसरं. दुसऱ्याची मेमरी सेकंदाला १४.४ जीबी माल ने-आण करते, तिसऱ्याची ४०. टाकी तेवढीच, नळ जवळपास तिप्पट जाड. म्हणून '४ जीबी डीडीआर३' म्हणून मिरवणारं कार्ड '१ जीबी जीडीडीआर५' पुढे मागे पडतं. जुन्या गेमना दोन जीबीच्या वर मेमरी लागत नाहीच. उलट काही गेम एवढा मोठा आकडा वाचताना गोंधळतात.

रॅडिऑन एचडी ७७५० (५५ वॅट) आणि जीटीएक्स ७५० टीआय (६० वॅट): एक्सपीवर लो प्रोफाइलमध्ये मिळणारी सगळ्यात ताकदवान कार्डं. यादीत २००७ नंतरचे जड गेम असतील तरच. बहुतेक दोन स्लॉट जाडीची असतात, पॉवर सप्लाय चांगला हवा, आणि काही जुन्या बोर्डांवर एवढं नवीन कार्ड लावलं की स्क्रीनच येत नाही. त्या बोर्डाचा बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डावरचा प्रोग्राम) आधी शेवटच्या आवृत्तीपर्यंत अपडेट करा, आणि दुकानदाराकडून परतीचा शब्द घ्या.

विंडोज ७ वरच राहायचं ठरवलं असेल तर जीटी १०३०, ३० वॅट. त्यातही तीच गोम: जीडीडीआर५ चं घ्या. २०१८ मध्ये त्याच नावाने आलेल्या डीडीआर४ च्या कार्डाचा नळ ४८ वरून १६.८ वर आलेला आहे.

७. बाजारात

नागपुरात मी बर्डीपासून सुरुवात करतो. नवीन माल विकणाऱ्या दुकानात जीटी ७१० आणि ७३० मिळतात. बाकी सगळं दुरुस्तीच्या दुकानांत आणि जुने लॉट विकणाऱ्यांकडे. सकाळी अकरा-साडेअकराला जा, दुकानदाराला वेळ असतो. संध्याकाळी काउंटरवर गर्दी असते आणि तपासून पाहू द्यायला कोणी तयार नसतं.

भाच्याच्या वेळी एका काउंटरवर माझ्यापुढे जीटी ७३० ठेवलं गेलं. "दोन जीबी आहे भाऊ, मक्खन चालते." मी खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि पाटी मोजली. सहा सेंटीमीटर नऊ मिलिमीटर. ठीक. मग विचारलं, "मेमरी कोणती, डीडीआर३ का डीडीआर५?" दुकानदार म्हणाले, "काहून, सारखंच असते ना ते." मी म्हटलं, लावून पाहू द्या. त्यांच्या टेबलावरच्या मशीनमध्ये लावलं, पेन ड्राइव्हवरून जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडलं. मेमरी टाइप डीडीआर३, बस ६४ बिट. दुकानदार स्वतःच वाकून पाहू लागले, आणि मग आतून तीन कार्डं आणून एकेक लावत गेले. तिसरं जीडीडीआर५ निघालं. कोणी मुद्दाम फसवत नव्हतं. त्यांच्याकडेही ते एकाच नावाने आलं होतं.

म्हणून जीपीयू-झेड पेन ड्राइव्हवर घेऊनच जा. छोटं आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, एक्सपीवरही चालतं. नकली कार्डंही ते पकडतं: जुन्या चिपचा बायोस बदलून 'जीटीएक्स १०५० टीआय' नावाने विकलेली कार्डं फिरत असतात, आणि २०१८ नंतरच्या जीपीयू-झेडमध्ये अशा कार्डाच्या नावापुढे 'फेक' लिहून येतं. नुसत्या डोळ्यांनीही एक खूण दिसते: १०५० टीआयच्या मूळ चिपमधून व्हीजीए निघत नाही, त्यामुळे त्या नावाच्या कार्डाला व्हीजीए पोर्ट दिसला की शंका घ्या.

सेकंड हँड कार्ड हातात घेतल्यावर हे पाहा: कपॅसिटरची डोकी सपाट आहेत की फुगलेली, सोनेरी धार काळवंडली आहे का, पंखा बोटाने हलवला तर मोकळा फिरतो का. छोटी पट्टी सोबत आहे का ते पुन्हा विचारा. बिलावर कार्डाचं पूर्ण नाव, मेमरीचा प्रकार, सिरियल नंबर आणि किती दिवसांची टेस्टिंग वॉरंटी हे लिहून घ्या. तोंडी 'आणून द्या, बदलून देऊ' हे दुसऱ्या माणसाच्या पाळीत कोणाला आठवत नाही. मला आठवडाभर खेटे घालावे लागले होते.

८. बसवणं आणि पहिली सुरुवात

वायर काढलेली. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. थंडीच्या दिवसांत हे विसरू नका. कार्ड दोन्ही टोकांना सारखा दाब देत सरळ खाली बसवा. कळ लागल्याचा आवाज येईल. पट्टी स्क्रूने घट्ट करा.

आता मॉनिटरची वायर कार्डाला लावा. नवशिक्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: वायर जुन्या जागी, बोर्डाच्या पोर्टला राहते, स्क्रीन काळी दिसते आणि कार्ड खराब म्हणून परत जातं. तरीही स्क्रीन आली नाही तर कार्ड काढा, बोर्डावरून चालू करा, बायोसमध्ये पहिला डिस्प्ले पीसीआय एक्सप्रेसवर ठेवा आणि पुन्हा लावा.

एक्सपी नव्याने टाकत असाल तर बायोसमध्ये साटाचा (हार्ड डिस्कच्या जोडणीचा) मोड आयडीई करून घ्या, नाहीतर इन्स्टॉल सुरू होतानाच निळी स्क्रीन येते.

९. ड्रायव्हर, याच क्रमाने

सगळं आधीच दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या. एक्सपीच्या ब्राउझरमध्ये आजच्या बहुतेक साइट उघडतच नाहीत. कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून येणाऱ्या प्रोग्रामांना दूर ठेवा.

आधी एक्सपीचा सर्व्हिस पॅक ३, मग बोर्डाच्या चिपसेटचा ड्रायव्हर, रीस्टार्ट. मग ग्राफिक्सचा, रीस्टार्ट. मग डायरेक्टएक्स ९ चं जून २०१० चं पॅकेज. हे राहिलं की गेम कुठलीतरी फाइल नाही म्हणून रडतात. एएमडीचं कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनलसाठी डॉट नेट आधी टाकावं लागतं. थ्रीडीएफएक्स या जुन्या कंपनीच्या कार्डांच्या काळातले गेम असतील तर ते आजच्या कार्डावर चालवणारा एनग्लाइड प्रोग्राम टाका, एक्सपीवर चालतं.

१०. मे महिन्याची परीक्षा

बाहेरच्या कोणत्याही मार्गदर्शनात हे सापडणार नाही, पण नागपुरात हेच सगळ्यात जास्त नडतं. डिसेंबरमध्ये लावलेलं मशीन मे महिन्यात बंद पडतं. बाहेर पारा ४५ च्या घरात, दुपारी खोलीत ३८-४०, आणि छोट्या डब्याच्या आत त्याहून किती तरी जास्त. मित्राच्या घरी बिनपंख्याचं कार्ड लावलं होतं. हिवाळाभर उत्तम. एप्रिलच्या शेवटी व्हाइस सिटीत वीस मिनिटांनी रस्त्यावर रंगीत ठिपके दिसू लागले, मग स्क्रीन गोठली. कार्डाची जाळी काढली तर आतली थर्मल पेस्ट खडूसारखी वाळून पांढरी झालेली, नखाने खरवडली तर भुकटी पडली. अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढ्या जागेत नवी पेस्ट लावली, डब्याच्या पुढच्या बाजूला ८ सेंटीमीटरचा पंखा बसवला. ठिपके गेले.

तेव्हा जुनं कार्ड घेतलंत तर पेस्ट बदलूनच लावा, दहा मिनिटांचं काम आहे. बिनपंख्याचं घेणार असाल तर डब्यात वारा फिरवणारा पंखा आहे याची खात्री करा. आणि मशीन कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. थंड हवा मिळेल असं वाटतं, पण कूलरच्या हवेत ओल असते, ती धुळीला धरून कार्डावर चिकट थर बसवते. खोलीत कूलर असू द्या, डबा त्याच्या बाजूला, भिंतीपासून हातभर पुढे.

टेस्टिंग वॉरंटीच्या दिवसांतच, दुपारी तीनच्या सुमाराला, जीपीयू-झेडचं सेन्सरचं पान उघडं ठेवून यादीतला सगळ्यात जड गेम अर्धा तास खेळा. तापमान चढत चढत एका जागी थांबलं पाहिजे. ८० च्या आसपास थांबलं तर मेमध्येही चालेल. ९० च्या पुढे चढतच राहिलं, ठिपके दिसले किंवा गेम गोठला, तर झाकण बंद करण्याआधी पेस्ट आणि पंखा पाहा, आणि तरीही तसंच असेल तर बिल घेऊन दुसऱ्याच दिवशी सकाळी अकराला दुकान गाठा.